दिव्यांग मुलाची ठेव कोणाच्या नावावर?

दिव्यांगांसाठी करमुक्त असं वेगळं बचत खातं असतं का, असं पालक काउंटरवर नेहमी विचारतात. आपल्याकडे तसं खातं नाही. पण साध्या मुदत ठेवीलाच कायद्याने एक सवलत दिली आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते.

एरवी अल्पवयीन मुलाच्या नावावर ठेव केली, तरी तिचं व्याज आई-वडिलांपैकी ज्यांचं उत्पन्न जास्त, त्यांच्या उत्पन्नात धरलं जातं. मुलाला किमान 40 टक्के अपंगत्व असेल आणि तसं सरकारी प्रमाणपत्र असेल, तर मात्र ते व्याज मुलाचं स्वतःचं उत्पन्न. समजा, वर्षाला 70,000 रुपये व्याज आलं. वडील 30 टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर एरवी 21,000 रुपये करात गेले असते, उपकर वेगळा. मुलाला दुसरं उत्पन्न नसेल तर इथे कर शून्य. जुनी करपद्धत असो की नवी, हे लागू आहे. फक्त बँकेला ते आपोआप कळत नाही! मुलाचं स्वतःचं पॅन काढा, ते ठेवीला जोडा आणि कर कापू नये असं घोषणापत्र दरवर्षी द्या. एक लक्षात घ्या, पैसे मुलाच्या नावावर गेले की ते मुलाचे. घराच्या हप्त्यासाठी मोडायची ती ठेव नव्हे.

पालकांनाही 75,000 रुपयांची वजावट मिळते. अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000. खर्च कमी झाला तरी रक्कम तीच. पण ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, आणि नवी पद्धत निवडताना पगारदार मंडळी नेमकं हेच मोजायला विसरतात.

खरी अडचण येते मूल 18 वर्षांचं झाल्यावर. त्या दिवसापासून आई-वडील कायद्याने पालक राहत नाहीत, आणि बँकेला त्यांच्या सहीवर पैसे देता येत नाहीत. अंध किंवा चालता न येणारी व्यक्ती आपलं खातं स्वतः चालवते; सही जमत नसेल तर अंगठा चालतो. पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल आणि व्यवहार समजत नसतील, तर राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा, आणि कागदपत्रांची जुळवाजुळव सतराव्या वर्षीच सुरू करा. शाखेत कोणी कोर्टाचा आदेश मागितला, तर सांगा की समितीचं प्रमाणपत्र ग्राह्य धरावं असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना कळवलं आहे.