६१० वॅटचं स्टेशन आणि न्यूयॉर्कचं संगीत

आजच्या भागात आपण एका रेडिओ स्टेशनबद्दल बोलणार आहोत. न्यूयॉर्कचं डब्ल्यूक्यूएक्सआर. चोवीस तास फक्त पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत. बाख, मोझार्ट, बीथोवन, आणि अधूनमधून आजचे जिवंत संगीतकारसुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, अरे, फोनमध्ये सगळं संगीत पडलंय, रेडिओ कोण ऐकतं? बरोबर आहे. मी सुद्धा या स्टेशनकडे गाण्यामुळे वळलो नाही. मी कामासाठी जर्सी सिटीत राहतो, हडसन नदी ओलांडली की मॅनहॅटन. बीटेक इलेक्ट्रॉनिक्समध्ये आणि नोकरी सॉफ्टवेअरची, म्हणजे आपल्याकडच्या निम्म्या पोरांसारखीच गोष्ट. तर मला आधी भेटला तो एक आकडा. ६१०. हे स्टेशन २००९ पर्यंत ६००० वॅटवर चालायचं आणि त्यानंतर ६१० वॅटवर आलं. एवढ्या श्रीमंत शहरातलं एवढं जुनं स्टेशन, आणि पॉवर थेट दहावा हिस्सा? असं कोण करतं?

त्याची गोष्ट अशी. १९४४ पासून या स्टेशनचा मालक होता न्यूयॉर्क टाइम्स, तोच, पेपरवाला. २००९ मध्ये पेपरवर कर्ज होतं आणि ते मालमत्ता विकत होते. आता एफएम स्टेशनची खरी किंमत कशात असते? स्टुडिओत नाही, रेकॉर्ड्सच्या कपाटात तर नाहीच. किंमत असते फ्रिक्वेन्सीला. ९६.३ ही न्यूयॉर्कमधली तगडी फ्रिक्वेन्सी. ती हवी होती युनिव्हिजन या स्पॅनिश भाषेतल्या कंपनीला. तिच्याकडे १०५.९ होती, कमी ताकदीची. मग तिघांत व्यवहार झाला. युनिव्हिजनने टाइम्सला ३.३५ कोटी डॉलर दिले, ९६.३ घेतली आणि १०५.९ देऊन टाकली. ती १०५.९ आणि डब्ल्यूक्यूएक्सआर हे नाव १.१५ कोटी डॉलरना घेतलं डब्ल्यूएनवायसीने. डब्ल्यूएनवायसी म्हणजे तिथलं सार्वजनिक रेडिओ स्टेशन, मुख्यतः श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारं. ८ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी अदलाबदल झाली. जाहिराती बंद, वर्गणी सुरू, आणि ६१० वॅट.

यात कुणाला खलनायक करायचा मोह होतो, पण मला तसं वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये स्पॅनिश बोलणारे लाखो लोक आहेत, त्यांनाही चांगला सिग्नल मिळायला हवाच की. आणि हा सौदा झाला नसता तर कदाचित शास्त्रीय संगीताचं स्टेशनच उरलं नसतं. तरी या सौद्याची किंमत कुणीतरी मोजलीच.

आता थोडं इंजिनिअरिंग सहन करा, कारण इथंच खरी गंमत आहे. पॉवर दहा पट कमी झाली म्हणजे पल्ला दहा पट कमी होतो असं नाही. त्याच अंतरावर सिग्नलची तीव्रता वर्गमुळाच्या हिशोबाने घटते, म्हणजे साधारण एक तृतीयांश राहते. वाटतं, ठीक आहे, फार नाही. पण एफएमचा एक स्वभाव आहे. सिग्नल कमी होत गेला तरी आवाज बराच वेळ स्वच्छ राहतो, आणि एका उंबरठ्याखाली गेला की एकदम खरखर. त्यातही आधी जातो तो स्टीरिओ, कारण स्टीरिओला मोनोपेक्षा बराच जास्त स्वच्छ सिग्नल लागतो.

आणि त्यात हे शास्त्रीय संगीत! पॉप गाणं रेडिओवर लावताना आवाजाचे चढउतार दाबून सपाट करतात, सगळं एकसारखं मोठ्यानं. त्याच्यामागे थोडी खरखर असली तरी कळत नाही. सिम्फनीत मात्र शंभर माणसं वाजवत असताना मध्येच एकटी बासरी उरते, ऐकू येईल न येईल इतकी हळू. ही शांतता संगीताचाच भाग आहे. आणि खरखर नेमकी तिथेच ऐकू येते. म्हणजे शहरातलं जे संगीत खराब सिग्नल सगळ्यात कमी सहन करू शकतं, त्याच्याच वाट्याला कमजोर सिग्नल आला.

आमच्या टीममधल्या एका सीनियरचे वडील शहराच्या उत्तरेला, वेस्टचेस्टरच्या वरच्या भागात राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या स्वयंपाकघरातला रेडिओ कित्येक वर्षं ९६.३ वरून हलला नव्हता. अदलाबदलीनंतर त्यांना १०५.९ वर नुसती खरखर. मुलाने इंटरनेट रेडिओ आणून दिला, वायफाय लावून दिलं. तो मला म्हणाला, "बाबा वायफायचा पासवर्ड विसरतात, आणि मग आठवडाभर घरात काही वाजत नाही. मी गेलो की पुन्हा सुरू." आपण सहज म्हणतो, स्ट्रीमिंग आहे ना! पण रेडिओला लॉगिन नसतं. पुढे २०१३ मध्ये स्टेशनने ऑसिनिंग गावची ९०.३ ही छोटी फ्रिक्वेन्सी घेतली आणि त्या बाजूच्या काही लोकांना संगीत परत मिळालं. सगळ्यांना नाही.

गंमत म्हणजे हे स्टेशन मुळात एका इंजिनिअरच्या प्रयोगातून सुरू झालं. जॉन होगन. पूर्वी रेडिओ लावायला दोन-तीन बटणं वेगवेगळी फिरवावी लागायची, ती एकाच बटणावर आणायची युक्ती याचीच. १९२९ च्या सुमारास तो टेलिव्हिजनचे प्रयोग करत होता. चित्रासोबत काहीतरी आवाज हवा म्हणून रेकॉर्ड लावायचा. चित्र कुणालाच दिसत नव्हतं, पण आवाज पकडणाऱ्यांनी पत्रं लिहिली की बाबा रे, संगीत छान आहे, चालू ठेव! मग डिसेंबर १९३६ मध्ये रीतसर स्टेशन झालं. प्रयोगाच्या परवान्यावर डब्ल्यू-टू-एक्सआर असं नाव होतं. हाताने लिहिलेला इंग्रजी २ क्यू अक्षरासारखा दिसतो, त्यावरून डब्ल्यूक्यूएक्सआर. असले जुगाड आपल्यालाच सुचतात असं नाही.

पुढे १९५२ मध्ये त्यांनी स्टीरिओचा प्रयोग केला, तेव्हा एफएमवर स्टीरिओ नावाची चीजच नव्हती. एक बाजू एएमवर सोडली, दुसरी एफएमवर. घरात दोन रेडिओ शेजारीशेजारी ठेवायचे, एक इकडे, एक तिकडे, आणि मध्ये बसायचं. मला हे ऐकून कॉलेजचं हॉस्टेल आठवलं. आम्ही दोन फोनवर एकच गाणं एकदम सुरू करून 'सराउंड' करायचो. फक्त त्यांचं खरोखर सराउंड होतं.

बरं, मग हे स्टेशन शहरासाठी करतं काय? गाणी तर कुणीही लावेल. मला वाटतं त्याचं खरं काम आहे शहरात आज काय वाजतंय ते घराघरात पोहोचवणं. शनिवारी दुपारी मेट्रोपोलिटन ऑपेराचा प्रयोग रेडिओवर थेट लागतो. मेटचं हे प्रसारण १९३१ च्या नाताळच्या दिवशी सुरू झालं आणि आज ते न्यूयॉर्कमध्ये याच स्टेशनवर ऐकू येतं. आपल्या आजोबांच्या पिढीला शनिवारी रात्री साडेनऊचा आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम आठवत असेल. तसंच. चार हजार लोक सभागृहात, आणि बाकीचे भांडी घासत, कार चालवत, इस्त्री करत.

उन्हाळ्यात सेंट्रल पार्कमध्ये नॉमबर्ग बँडशेलच्या मोफत मैफली असतात, १९०५ पासून चालू. तिथेही या स्टेशनचा माइक असतो. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक तर १८४२ चा वाद्यवृंद. १४ नोव्हेंबर १९४३ ला त्यांचे पाहुणे कंडक्टर ब्रूनो वॉल्टर आजारी पडले आणि पंचवीस वर्षांच्या एका सहायकाला ऐनवेळी उभं केलं. ती मैफल सीबीएस रेडिओवरून देशभर थेट चालू होती. त्या पोराचं नाव लेनर्ड बर्नस्टाइन. मैफल फक्त सभागृहापुरती असती तर एका रात्रीत त्याचं नाव देशभर झालं असतं का?

याच फिलहार्मोनिकचे १९७८ ते १९९१ संगीत दिग्दर्शक होते आपल्या मुंबईचे झुबीन मेहता. त्यांचा जन्म १९३६ चा, स्टेशनचाही १९३६ चा. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि चाळीसच्या दशकात व्हायोलिन शिकायला न्यूयॉर्क गाठलं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. २०१४ मध्ये स्टेशनने आवाहन केलं: घरात धूळ खात पडलेली वाद्यं आणून द्या, आम्ही ती दुरुस्त करून सरकारी शाळांना देऊ. साधारण तीन हजार वाद्यं आली. त्यात एक व्हायोलिन होतं जोसेफ फाइनगोल्ड नावाच्या, नव्वदी ओलांडलेल्या माणसाचं. मूळचा पोलंडचा, ज्यू, सायबेरियातल्या सक्तमजुरीच्या छावणीतून वाचलेला. युद्ध संपल्यावर जर्मनीत निर्वासितांच्या छावणीत असताना त्याने ते व्हायोलिन सिगारेटची पाकिटं देऊन घेतलं होतं. ते गेलं ब्राँक्समधल्या मुलींच्या एका शाळेत, जिथे प्रत्येक मुलगी व्हायोलिन शिकते. यावर 'जोज व्हायोलिन' नावाचा छोटा माहितीपट आहे, २०१७ च्या ऑस्करच्या नामांकनांत होता. बघा. त्या मुलीच्या हातात ते व्हायोलिन येतं तेव्हाचा तिचा चेहरा मी काही वर्णन करत बसत नाही.

मला यात जाणवलं ते हे, की त्या म्हाताऱ्या माणसाने ते आवाहन ऐकलं ते रेडिओवर. प्लेलिस्ट असं आवाहन करत नाही. प्लेलिस्टला माहीतच नसतं की तुम्ही आणि ब्राँक्समधली ती मुलगी एकाच शहरात राहता.

पैशाचं बोलायलाच हवं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत काढून घेतले. ते पैसे वाटणारी संस्था पुढच्याच महिन्यात आवराआवर करायला लागली. न्यूयॉर्कसारख्या शहरात वर्गणी देणारे आहेत, तिथलं स्टेशन तग धरेल. छोट्या गावांतल्यांचं खरंच अवघड आहे. आमच्या ऑफिसात यावर वाद झाला. एक जण म्हणाला, "जे कुणी ऐकत नाही त्याला सरकारने पैसे का द्यावेत?" मी त्याला वेस्टचेस्टरच्या बाबांचं सांगितलं. तो म्हणाला, "एका म्हाताऱ्यासाठी?" मी म्हणालो, हो. पुढे बोलणं वाढलं नाही, स्टँडअपची वेळ झाली होती. मी महिन्याला दहा डॉलर देतो. दोन कॉफ्यांचे पैसे.

ऐकायचं असेल तर फोनवर स्टेशनचं अ‍ॅप आहे, वेबसाइटवरही थेट चालतं, फुकट. तिकडे सकाळ तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ, त्यामुळे ऑफिसातून घरी येताना न्यूयॉर्कचा सकाळचा कार्यक्रम लागतो, त्यांच्या हवामानासकट. मेटचा हंगाम चालू असेल तर शनिवारी तिथल्या दुपारी एकच्या सुमारास ऑपेरा सुरू होतो, म्हणजे हिवाळ्यात आपल्या रात्री साडेअकराला. इटालियन कळत नाही म्हणून बंद करू नका. मलाही कळत नाही. मध्यंतरात गोष्ट सांगतात, आणि तेवढ्या वेळात चहा होतो.