पिकल्या केसांची मजुरी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला परगावची किती माणसे येतात, ते तुम्हांला मी सांगायला नको. त्यातच जुलै २०२५ मध्ये आपला पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पाहुणे वाढणार, पण त्यांना ताट वाढणारे, खोली दाखवणारे हात कुठे आहेत? लॉज आणि खाणावळी यांचे मालक हीच तक्रार करतात. तरुण मुले चार महिने राहतात आणि पुण्याची वाट धरतात.

अशाच एका मालकांनी गेल्या वर्षी मला बोलावले. "मावशी, स्वयंपाकघरावर देखरेख करा." माझे वय ६४; मनातून फार आनंद झाला. पगाराचे विचारले, तर हसून म्हणाले, "या वयात पगार कसला? वेळ जाईल, पाहुण्यांची सेवा घडेल." मी नमस्कार करून परत आले. घरी मुलगा म्हणाला, "आई, लोक म्हणतील, आम्ही तुला खायला घालत नाही." एकाला माझे श्रम फुकट हवे होते, दुसऱ्याला मुळीच नको होते. दोघांच्या लेखी त्यांची किंमत एकच, शून्य!

आपल्याकडे बहुतेक सरकारी नोकर ५८व्या वर्षी घरी बसतात. तिकडे जपानात माणसांची टंचाई पडली, तेव्हा २०२१ पासून कायद्यानेच मालकांना सांगितले की, कामगाराला ७० वर्षांपर्यंत काम देण्याचा प्रयत्न करा. आपल्यातही गुण कमी आहेत का? शंभर पानांचा अंदाज आपल्याला डोळ्यांनी येतो. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज कसे निसटले, हे पन्हाळ्यावर पाहुण्यांना निवृत्त गुरुजींइतके रंगवून कोण सांगेल?

मात्र आपले गुडघे विशीतले नाहीत, हेही मालकांनी ओळखावे. पाळी चार तासांची असावी, बसायला खुर्ची असावी, जिने चढण्याचे आणि जड भांडी उचलण्याचे काम तरुणांकडे असावे. आणि पगार पहिल्याच दिवशी ठरावा. किमान वेतनाचा कायदा म्हाताऱ्यांना वगळत नाही. स्वस्त मिळतात म्हणून आपल्याला घेतले, तर तरुणांचाही पगार पडेल. ते पाप आपण पदरी घेऊ नये.

सध्या मी दुसऱ्या एका खाणावळीत सकाळचे चार तास जाते, ठरवून घेतलेल्या पगारावर. मुलाची नाराजी अजून गेलेली नाही. सून मात्र मी निघताना विचारते, "चष्मा घेतलात का, आई?"

भगिनींनो, काम करू इच्छिणाऱ्यांची एक यादी आपल्या मंडळाने करावी, आणि मालकांशी बोलणी मंडळाने करावी. एकटीला "सेवा करा" म्हणणे सोपे असते. मंडळाला तसे म्हणताना माणूस दोनदा विचार करील. यादीत पहिले नाव माझे घाला.