पाळणाघराचा परवाना कोणासाठी?

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मुलांच्या पाळणाघरांना परवाना सक्तीचा करावा काय, आणि तेथे काम करणाऱ्यांची चारित्र्य पडताळणी कशी व्हावी, या विषयावर बोलण्यास आपण मला सांगितलेत. हा मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाचा प्रश्न आहे, खानदेशात त्याचे काय, अशी शंका काहींच्या मनात असेल. माझे मत नेमके उलट आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आया मारीत असल्याचे चित्रण उघडकीस आले आणि सारा महाराष्ट्र हादरला. तो प्रकार उघडकीस आला, कारण तेथे कॅमेरा होता. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटईच्या कारखान्यात किंवा डाळमिलमध्ये कामाला जाणारी बाई आपले मूल ज्या खोलीत ठेवून जाते, तेथे कॅमेरा नसतो. पुष्कळदा खिडकीही नसते. तेथे काय घडते हे कोणत्याच वर्तमानपत्रात येत नाही.

आपल्याकडे मूल ठेवले कोठे जाते, हे आधी पाहू. जिनिंगच्या हंगामात ते कापसाच्या ढिगाशेजारी निजलेले असते. नंदुरबार आणि दोंडाईचा येथे मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांची मुले त्याच खाटाऱ्यात शिंकत, डोळे चोळत बसलेली असतात. घरी ठेवले तर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, म्हणजे एका मुलाच्या संगोपनासाठी दुसऱ्या मुलाची शाळा बुडते. आणि थोडे पैसे देता आले तर गल्लीतल्या एखाद्या म्हातारीकडे, जी रोजच्या काही रुपयांत सहा-सात मुले सांभाळते. ही म्हातारी म्हणजे आपल्या भागातले खरे पाळणाघर. परवान्याची चर्चा करताना हिला विसरून चालणार नाही.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' देत असत, म्हणजे पाळी संपेपर्यंत मूल गुंगीत पडून राही. शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी पाहण्यांत याची नोंद आहे. त्या आयांना कोणी निर्दय म्हणू नये. मूल ठेवायला जागा नव्हती आणि खाडा परवडत नव्हता. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीसवर आणली. हेतू चांगला होता, पण पाळणाघराचा खर्च स्त्रियांच्या संख्येला बांधला की मालक काय करतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. तो स्त्रिया कमी करतो, किंवा निदान मस्टरवर कमी दाखवतो आणि उरलेल्या ठेकेदाराच्या खात्यात टाकतो. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने ही चूक सुधारून पन्नास कामगारांचा, स्त्री-पुरुष मिळून, हिशेब धरला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांतही पन्नासचाच आकडा आहे. आता आपल्या डाळमिला, जिनिंग, चटईचे कारखाने यांपैकी किती ठिकाणी कागदावर पन्नास माणसे दिसतात, ते आपणच पाहावे.

आता कायद्याकडे वळू. मुले राहतात अशा संस्थांसाठी आपल्याकडे कायदे आहेत. स्त्रिया व मुलांच्या संस्थांना परवाना लावणारा १९५६ चा कायदा, अनाथाश्रमांवर देखरेख ठेवणारा १९६० चा कायदा, आणि २०१५ चा बाल न्याय कायदा, ज्यात नोंदणीशिवाय बालगृह चालविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे. सकाळी मूल घेऊन संध्याकाळी परत देणारे पाळणाघर यांपैकी कशातच बसत नाही. १९९६ साली महाराष्ट्राने पूर्वप्राथमिक केंद्रांसाठी कायदा केला, तोही प्रवेशाचा. तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत घेऊ नये म्हणून. ते योग्यच होते. पण प्रवेश मिळाल्यानंतर त्या मुलाला शौचाला कोण नेते, हा प्रश्न त्या कायद्याच्या बाहेरच राहिला. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहांहून कमी कामगारांच्या आस्थापनांना नोंदणीतून सूट दिली. म्हणजे दोन आयांचे पाळणाघर एक दुकान म्हणूनसुद्धा नोंदले जाण्याचे कारण उरले नाही.

चारित्र्य पडताळणीचा नियम मात्र आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याखाली २०२० साली जे नियम झाले, त्यांत शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी अशा मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने कायम व कंत्राटी अशा सर्व कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी ठरावीक काळाने करून घेतली पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. नियम २०२० चा. बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला ऑगस्ट २०२४ मध्ये. आरोपी ठेकेदारामार्फत आलेला सफाई कामगार होता. लोक रुळांवर उतरले, तेव्हा कोठे पडताळणी, कॅमेरे, तक्रारपेटी यांचे आदेश शासनाने नव्याने काढले. २३ सप्टेंबर २०२४ रोजी तो आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि अनेकांनी पेढे वाटले. त्या गोळीने राज्यातल्या एकाही पाळणाघरातील एकाही माणसाची पडताळणी झाली नाही. न्याय झाल्याचे समाधान मिळाले, की नियमाचा पाठपुरावा करण्याचा कंटाळा समाजाला येतो.

या पडताळणीविषयी मला दोन शंका आहेत. पहिली अशी की पोलिसांचा दाखला इतकेच सांगतो की या माणसावर गुन्हा नोंदलेला नाही. दोन वर्षांचे मूल फिर्याद देत नाही आणि गरीब आई ठाण्याची पायरी सहसा चढत नाही. त्यामुळे कोरा दाखला ही निर्दोषपणाची हमी नव्हे. दुसरी शंका आपल्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. पोलिसांच्या वहीत कोणाची नावे असतात? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला, असे आपण म्हणतो. पण गावात चोरी झाली की आजही पहिली चौकशी पारध्याच्या पालावर होते. अशा वस्तीतली एखादी बाई पाळणाघरात सेविका होऊ इच्छिते, तेव्हा तिच्या दाखल्यावर काय शेरा येईल? फार लांब कशाला, जमावबंदी मोडल्याचे गुन्हे या सभागृहातील निम्म्या लोकांवर असतील! म्हणून पडताळणी मुलांविरुद्धच्या, स्त्रियांविरुद्धच्या आणि हिंसेच्या गुन्ह्यांपुरतीच असावी, ती विनाशुल्क असावी, आणि नकार मिळाल्यास त्याविरुद्ध दाद मागता यावी. पडताळणी केवळ आयेची नको. मालक, त्याच घरात राहणारे पुरुष, गाडीचा चालक, ठेकेदाराने पाठविलेला माणूस, या सर्वांची हवी. आजवरचा अनुभव असा की सर्वांत कमी पगाराच्या बाईचाच फोटो आणि अंगठा घेतला जातो.

आता परवान्याचा प्रश्न. बाजारावर श्रद्धा असणारे म्हणतील, वाईट पाळणाघरात लोक मुले ठेवणार नाहीत. हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. सेवा घेणारे मूल बोलू शकत नाही आणि पैसे देणारी आई ती सेवा पाहू शकत नाही. जेथे विकणाऱ्याला मालाची खरी प्रत कळते आणि घेणाऱ्याला कळत नाही, तेथे वाईट माल चांगल्याला हुसकावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. पाच मुलांना एक बाई ठेवणाऱ्या पाळणाघराचा दर पंधरा मुलांना एक बाई ठेवणाऱ्यापेक्षा जास्त असणारच. बाहेरून दोन्ही सारखीच दिसली, तर पहिले बंद पडते. म्हणून नियमन हवे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

पण केवळ परवाना लावून काय होते, याला ब्रिटनचा इतिहास साक्ष आहे. पैसे घेऊन ठेवलेली तान्ही मुले मारली गेल्याच्या प्रकरणांनंतर तेथे १८७२ मध्ये नोंदणीचा कायदा झाला. १९४८ मध्ये घरी मुले सांभाळणाऱ्या बायांची नोंदणी स्थानिक संस्थांकडे आली. खोली, संडास, आग विझविण्याची सोय अशा अटी पुऱ्या करणे गरीब वस्तीतल्या बाईला जमेना. परिणामी साठ-सत्तरच्या दशकांत कामगार व स्थलांतरित आयांची कितीतरी मुले नोंदणी नसलेल्या घरांतच राहिली. फ्रान्सने वेगळी वाट धरली. १७ मे १९७७ च्या कायद्याने घरी मूल सांभाळणाऱ्या मान्यताप्राप्त बाईला पगारी कामगाराचा दर्जा दिला. अटी घातल्या आणि हक्कही दिले.

आपल्या गल्लीतल्या म्हातारीला काही हजारांचे शुल्क आणि अग्निशमनाचा दाखला मागा; ती दार लावून घेईल आणि मुले त्याच खोलीत, आता लपवून, राहतील. शिवाय निरीक्षकाला एक नवे गिऱ्हाईक मिळेल. तेव्हा नोंदणी सर्वांची, विनाशुल्क आणि वॉर्डातच, प्रशिक्षण सरकारी खर्चाने, अटी टप्प्याटप्प्याने. दोन अटींवर मात्र पहिल्या दिवसापासून तडजोड नको: एका बाईकडे किती मुले याची मर्यादा, आणि आईला कोणत्याही वेळी आत येऊन पाहण्याचा हक्क. हा हक्क शंभर कॅमेऱ्यांहून मोलाचा आहे.

कोणी म्हणतील, माणसे चांगली असली की नियम कशाला? साने गुरुजींनी अमळनेरला छात्रालयात दुसऱ्यांची मुले ज्या मायेने सांभाळली ती कोणत्या परवान्याने, असेही विचारले जाते. गुरुजी एकच होते. नियम तुमच्या-आमच्यासारख्या थकणाऱ्या, चिडणाऱ्या, पगार वेळेवर न मिळालेल्या माणसांसाठी करायचे असतात.

आणि शेवटी, सार्वजनिक पाळणाघर जवळ असल्याशिवाय वाईट पाळणाघर बंद करणे म्हणजे आईला कामावरून घरी बसविणे होय. अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ पासून आहे, पण ती काही तासांची, आणि तेथे बसायला येते ते तीन वर्षांपुढचे मूल. तीनच्या आतल्या मुलाला घरी नेण्याचा शिधा मिळतो, सांभाळणारे कोणी मिळत नाही. २०२२ साली केंद्राने 'पाळणा' नावाने अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची योजना आणली. जळगाव व धुळे महापालिकांच्या हद्दीत अशी किती केंद्रे मंजूर झाली, किती चालू आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. सामाजिक सुरक्षा संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून सामायिक पाळणाघर चालविण्यास मुभा आहे. त्याचा आधार घेऊन जळगाव व धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत सामायिक पाळणाघराची मागणी करावी. वर्गणी दर कामगारामागे, मस्टरवर पन्नास असोत वा पाच. तेथील सेविकेला मानधन नको, वेतन हवे. निवेदन देण्यापूर्वी मात्र प्रत्येकाने आपापल्या वॉर्डात फिरून कोणाच्या घरी किती मुले ठेवली जातात, याची यादी करावी. हे काम स्त्री-कार्यकर्त्यांवर ढकलू नये. जिनिंगचा हंगाम सुरू होण्याआधी ही यादी हाती असली पाहिजे.