तोच तो, हे यंत्राला कसं कळतं?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मघाशी जेवताना एकानं विचारलं, "तू नेमकं काय करून राहिला बे?" तेव्हा तोंडात घास होता. आता सांगतो.

कॅमेऱ्यात दिसणाऱ्या वस्तूचा माग कसा ठेवायचा, हे मी संगणकाला शिकवतो. याला ट्रॅकिंग म्हणतात. हिंगणा टी-पॉइंटवर एक ऑटो बसच्या आड गेला आणि पलीकडून निघाला, असं समजा. तो तोच आहे, हे आपल्याला सहज कळतं. यंत्र मात्र त्याला नवा क्रमांक देऊन मोकळं होतं. एकाचे दोन ऑटो!

यावर उपाय दोन. पहिला अंदाजाचा: याच वेगानं गेला, तर पुढच्या क्षणी तो कुठे असेल? त्याचं गणित रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली मांडलं. दुसरा ओळखीचा: रंग, आकार, ठेवण. २०१२ मध्ये ॲलेक्सनेटनं कमाल दाखवली, तेव्हापासून यंत्रं ही ओळख लाखो छायाचित्रं पाहून शिकतात. पण न पाहिलेलं त्यांना कसं येणार? 'कोको' या जगप्रसिद्ध चित्रसंचात वस्तूंचे ८० प्रकार आहेत. त्यात जिराफ आहे, ऑटोरिक्षा नाही! म्हणून हैदराबादच्या आयआयआयटीनं भारतीय रस्त्यांची १०,००० चित्रं तयार केली, त्यात ऑटोला स्वतंत्र जागा दिली. याच संस्थेच्या सहभागानं २०२१ मध्ये नागपुरात 'आय-रास्ते' प्रकल्प सुरू झाला. धडकेची शक्यता दिसताच बसचालकाला इशारा देणारी यंत्रणा त्यातून आली.

ऑगस्ट २०२५ मध्ये जबलपूर महामार्गावर ट्रकच्या धडकेत एक महिला गेली. ट्रकवर लाल खुणा होत्या, एवढंच ठाऊक होतं. पोलिसांच्या 'मार्व्हल' यंत्रणेनं टोलनाक्यांचं चित्रण चाळलं आणि सुमारे ७०० किलोमीटरवर तो ट्रक सापडला. त्या दिवशी या विषयाचा मला अभिमान वाटला.

पण दुसरी बाजूही सांगतो. एका कारखान्यातून विचारणा आली: कोणता कामगार जागेवरून किती वेळा उठतो, किती मिनिटांनी परततो, हे मोजून द्या. काम अवघड नव्हतं, पैसेही चांगले होते. माझे वडील एमआयडीसीत पाळीवर जायचे, हे तुम्हाला माहीत आहे. आई आजारी असताना ते मधेच सायकल काढून घरी येऊन जात. माझ्या यंत्रानं त्यांच्या नावापुढे फक्त 'चाळीस मिनिटं गैरहजर' लिहिलं असतं. मी नाही म्हणालो. कदाचित दुसऱ्या कुणी ते करूनही दिलं असेल.

आपल्या शाळेत कुणी दोन दिवस आलं नाही, तर सर हजेरीत 'गै' लिहायचे आणि संध्याकाळी घरी चौकशीला जायचे. 'गै' लिहायला मी यंत्राला शिकवलं आहे. चौकशीला मात्र अजून माणसालाच जावं लागतं.