स्वागत, पण उपदेशाविना

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या आजाराचे रुग्ण आणि त्यांचे घरचे यांच्यासाठी पुण्यात भरलेल्या या परिषदेचा मी स्वागताध्यक्ष.

स्वागताध्यक्षाने जेवणाखाण्याचं बघावं, शास्त्रात पडू नये, हा संकेत मला ठाऊक आहे. आज तो थोडा मोडतो.

मेलबर्नचे डॉ. जॉर्ज जेलिनेक यांना १९९९ मध्ये एमएसचं निदान झालं. त्यांच्या आईलाही हाच आजार होता. त्यांच्या संशोधन गटाने अनेक देशांतल्या सुमारे अडीच हजार रुग्णांना त्यांच्या राहणीबद्दल विचारलं. २०१४ साली निष्कर्ष आले. साधारण पाचातल्या एकाच्या उत्तरांत नैराश्याच्या खुणा होत्या. धूम्रपान, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, निकस आहार, कमालीचा थकवा, एकटेपण असलेल्यांत त्या अधिक दिसल्या.

हे ऐकून आपल्या घरांत काय होईल, याचीच मला धास्ती वाटते. ‘बघ, तू चालत नाहीस म्हणून असं होतं!’ आधी आजार, वर त्याचा ठपका. पण चालणं सुटलं म्हणून मन खचलं, की मन खचलं म्हणून पाय उंबऱ्याबाहेर पडेना, हे अशा एकवेळच्या पाहणीतून ठरत नाही. एमएसमधला मेंदूचा दाहसुद्धा मनःस्थिती बिघडवू शकतो. तिथे इच्छाशक्तीवर प्रवचन देऊन काय होणार? व्यायाम हवाच, सिगारेट सुटायलाच हवी. मात्र अंग तापलं की एमएसची लक्षणं काही काळ वाढतात. अशा माणसाला वैशाखात पर्वतीची टेकडी चढायला पाठवणं म्हणजे निव्वळ छळ. पंख्याखाली, झेपेल तेवढा, सोबतीने केलेला व्यायाम चालेल की!

डॉक्टरमंडळींना एक विनंती. हातापायांची ताकद तपासता, तसं मनाचंही विचारा. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का? कशातच रस उरला नाही, असं झालं का? थकवा आणि झोपेची तक्रार एमएस आणि नैराश्य या दोन्ही आजारांत असते, त्यामुळे नैराश्य सहज नजरेतून निसटतं. आणि हे प्रश्न नातेवाइकांना बाहेर बसवून विचारा. सासूबाईंसमोर खरं उत्तर येत नाही.

म्हणूनच पहिलं सत्र आम्ही औषधांचं न ठेवता मानसोपचारतज्ज्ञांना दिलं आहे. सभागृह मुद्दाम गार ठेवलंय. थंडी वाजली तर शाली दाराशी आहेत. डावीकडच्या खोलीत खाटा मांडल्या आहेत. भाषण चालू असताना उठून गेलात तरी कोणी रागावणार नाही, मी तर नाहीच. आता उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.