स्क्रू उघडू द्या



मुख्याध्यापिकाबाईंनी पत्रात कळवलं होतं की, तुम्ही घरी विमानाचं कॉकपिट बनवता, त्याबद्दल आणि करिअरबद्दल मुलांशी बोला. बोलतो. पण आल्यापासून माझं लक्ष मंडपाच्या उजवीकडच्या त्या पत्र्याच्या शेडकडे लागलं आहे. टेक्निकलचं वर्कशॉप. आठवी ते दहावी मी खरा शिकलो तो तिथे.

सुरुवातीला हातात एक ओबडधोबड लोखंडी तुकडा आणि कानस मिळायची. तुकडा काटकोनात आणायचा, बस. खांदे भरून येईपर्यंत घासायचं. मग वर्कशॉपचे सर त्याला गुण्या लावायचे आणि खिडकीकडे धरून बघायचे. पात्याखाली केसाएवढी फट राहिली तरी म्हणायचे, "उजेड दिसतोय, परत घास." रागावणं नाही की शाबासकी नाही. उजेड दिसेनासा झाला की पुढचं काम सांगायचे. सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, पॅनेलला भोकं पाडायच्या आधी मी आजही गुण्या लावतो.

आता कॉकपिटबद्दल. संगणकावर विमान उडवायचे सिम्युलेटर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्यात चाकं आत घ्यायची तर कीबोर्डवर 'जी' दाबायचा. मला ते पटेना. बोईंग ७३७ मध्ये त्यासाठी एक दांडा असतो. तो आधी स्वतःकडे ओढायचा, मगच वर-खाली होतो, आणि त्याच्या टोकाला चाकाच्याच आकाराची मूठ असते. ती शोभेसाठी नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर पंखांचे फ्लॅप मिटवायला जायचे आणि चाकंच मिटवून बसायचे. दोष वैमानिकांना लागायचा. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट नीट पाहिलं, तर दोन्ही बटणं एकसारखी आणि शेजारी शेजारी! त्याने एकाला चाकाचा आकार दिला, दुसऱ्याला पंखासारखा पाचरीचा. न बघताही हाताला कळावं म्हणून. तोच आकार आजच्या विमानांत आहे. ती मूठ मी लाकडातून घडवली, तेव्हा हे मला खरं समजलं. त्याआधी फक्त माहीत होतं.

बाकी सामान साधं आहे. मागे बटणं ओळखणारा एक आर्डुइनो मेगा बोर्ड, त्याला ५४ डिजिटल पिना. टॉगल स्विच, एन्कोडर, वायरी पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतात, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहे. दुधी अॅक्रिलिकवर करडा रंग मारायचा, लेझरने तो अक्षरांपुरता उडवायचा, म्हणजे मागचा दिवा लागला की फक्त अक्षरं उजळतात. बटण आपण एकदा दाबतो, पण आतली पट्टी काही मिलिसेकंद थरथरते आणि बोर्डला वाटतं की दहा वेळा दाबलं. ती थरथर प्रोग्रॅममध्ये गाळावी लागते. सर्किटचं इथे जास्त सांगत नाही. ज्यांना हवं त्यांनी कार्यक्रमानंतर मला गाठा, मी पॅनेल बरोबर आणलं आहे.

मला सांगायचं आहे ते एवढंच की, हाताने करा. एक वस्तू घ्या आणि पहिल्या रेघेपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत स्वतः करा. व्हिडिओ बघून समजल्यासारखं वाटतं, पण डाग द्यायला बसलं की कळतं, कथील धरतच नाही, कारण तार साफ केलेली नाही. हे हातालाच शिकावं लागतं. असं हाताने करणाऱ्या एकाची गोष्ट सांगतो. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. तिथे काम करणाऱ्या या मुलाने ऑर्गनचेच भाते वापरून १९२९ मध्ये जमिनीवरच्या जमिनीवर कलणारं, वळणारं विमान बनवलं. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळण्यासारखं वापरलं गेलं. १९३४ मध्ये टपाल नेताना सैन्याचे वैमानिक खराब हवेत मरू लागले, तेव्हा अमेरिकी सैन्याने त्याच्याकडून सहा यंत्रं विकत घेतली. पुढे महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले. आणि आपल्या अमोल यादवांनी तर कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं खरंखुरं विमान बांधलं.

मघाशी विज्ञान प्रदर्शनाचं बक्षीस घेतलेली मुलगी कुठे आहे? हां, तिसऱ्या रांगेत. बेटा, तुझ्या ठिबक सिंचनाच्या प्रतिकृतीच्या मागे जाऊन मी वायरी पाहिल्या. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर ती कुठून कुठे जाते ते लिहिलेलं. परीक्षकांनी मागची बाजू पाहिली की नाही कोण जाणे, मी पाहिली. हीच सवय आयुष्यभर ठेव.

पालकहो, तुमचंही एक काम आहे. बंद पडलेला मिक्सर भंगारवाल्याला देण्याआधी प्लग कापून टाका आणि मिक्सर आठ दिवस मुलांच्या हाती द्या. घरात पसारा होईल, होऊ द्या. मुलीलाही पक्कड द्या, फक्त मुलाला नाही. अभ्यास बुडेल ही भीती बाळगू नका. मोटर उघडलेल्या मुलाला चुंबकत्वाचा धडा दोनदा वाचावा लागत नाही.

बाई, चाकांच्या दांड्याचं हे पॅनेल मी शाळेला देऊन जातो आहे. एक विनंती आहे. ते ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवू नका. टेबलावर ठेवा, शेजारी स्क्रू ड्रायव्हर ठेवा आणि मुलांना ते उघडू द्या. मोडलं तर दुरुस्तही त्यांनाच करू द्या. अडलं तर मला फोन करायला सांगा, मी येईन.