मुदत कोणावर?

(रेणापूर येथे पदवीधर युवकांपुढे केलेले भाषण)



सोयाबीनची रास झाली की आपल्या रेणापूर तालुक्यातला शेतकरी माल घेऊन लातूरच्या आडत बाजाराची वाट धरतो. भाव पडलेला आहे, थांबलो तर कदाचित चढेल, हे त्याला कळत नाही असे नाही. पण मळणीची मजुरी, सावकाराचे देणे आणि रब्बीचे बियाणे थांबायला तयार नसते. म्हणून तो विकतो. त्याच शेतकऱ्याची पदवीधर मुले आज आपली श्रमशक्ती विकायला उभी राहतात, तेव्हा त्यांच्या हाती पत्र पडते : तीन दिवसांत होकार कळवा, अन्यथा प्रस्ताव रद्द समजावा.

मालकाला माणसाची तातडी असते म्हणून ही मुदत येते, असे म्हणावे तर रुजू होण्याची तारीख पुष्कळदा कित्येक महिने पुढची असते. खरा हेतू तुलना टाळण्याचा असतो. दुसऱ्या मुलाखतीचा, स्पर्धा परीक्षेचा किंवा पदव्युत्तर प्रवेशाचा निकाल लागण्यापूर्वीच उमेदवार बांधला गेला पाहिजे. एका उमेदवारासाठी जागा अनंत काळ रिकामी ठेवता येत नाही, हा मालकाचा युक्तिवाद मी मान्य करतो. म्हणून आपला आक्षेप मुदतीला नाही. विचारालाही अवकाश न ठेवणाऱ्या मुदतीला आहे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रस्ताव मांडणारा त्याची मुदत ठरवू शकतो आणि स्वीकृती पूर्ण होण्यापूर्वी तो मागेही घेऊ शकतो. कायदा दोन्ही पक्ष समान मानतो. परंतु एकाला शंभर उमेदवार मिळतात आणि दुसऱ्याच्या घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता असतो, तेथे ही समानता कागदावरच राहते.

बरे, होकार दिल्यावर तरी शब्द पाळला जातो काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने वार्षिक साडेसहा लाखांचा प्रस्ताव दिलेल्या नवपदवीधरांना साडेतीन लाखांवर येता का, असे विचारले आणि उत्तरासाठी मोजके दिवस दिले. पुण्यातील ‘नाइट्स’ या माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठविला. उमेदवाराला बांधणारा शब्द मालकाला मात्र बांधत नाही, हे त्यावेळी उघड झाले.

शासनही वेगळे वागत नाही. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन मिळाले, पण सहा महिन्यांसाठी. पुढे कालावधी अकरा महिन्यांपर्यंत वाढविला गेला. येथे मुदत नोकरीलाच! काम कायमचे, माणूस तात्पुरता. कायम करा, या मागणीसाठी प्रशिक्षणार्थींना रस्त्यावर उतरावे लागले.

याच महाराष्ट्राने एके काळी उलटा न्याय मांडला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आणि १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली रोजगार हमी १९७७ साली कायद्यात आली. मजुराने काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते न दिल्यास बेकारभत्ता देणे शासनाचे कर्तव्य ठरले. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, पण तत्त्व लक्षात घ्या : मुदत काम मागणाऱ्यावर नव्हती, देणाऱ्यावर होती.

हेच तत्त्व सुशिक्षितांच्या बाजारात आणण्याची मागणी आपण केली पाहिजे. प्रस्ताव लेखी असावा, विचारासाठी किमान पंधरा दिवस मिळावेत, वेतन घटविल्यास किंवा रुजू करून घेण्यास विलंब केल्यास भरपाई द्यावी, आणि शासकीय भरतीच्या जाहिरातीपासून नियुक्तीपर्यंतच्या तारखा शासनावर बंधनकारक असाव्यात.

तोवर युवकांनी मुदतवाढ लेखी मागावी. ती मागितल्याने काही जात नाही. सेवाबंधाचा कागद वाचल्यावाचून सही करू नये, मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात देऊ नयेत, आणि आपल्याला आलेल्या अटी मित्रांपासून लपवू नयेत. घरची निकड असेल त्याने मिळेल ती नोकरी जरूर घ्यावी. त्यात कमीपणा नाही. कार्यकर्त्यांनी मात्र तालुक्याच्या ठिकाणी बसून असे कागद वाचून देण्याचे काम अंगावर घ्यावे. थांबण्याची शक्ती एकट्या माणसाजवळ नसते. ती संघटनेने निर्माण करावी लागते.